सोलापूर ते फ्रँकफर्ट, एकटीने: ३५ तासांचा दिवस कसा काढायचा

मुंबईहून दोहामार्गे फ्रँकफर्टला जाणारं विमान पहाटे ३:५० चं, तिकिटावर तारीख १२ जानेवारी. मग सोलापूर स्टेशनवर उभं राहायचं कधी? मी हा प्रश्न ऑफिसात तिघांना विचारला आणि तिघांनीही डोळे झाकून सांगितलं, ११ तारखेच्या रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसला बस की, सकाळी मुंबईत. अहो पण विमान त्या सकाळच्या आधीच उडतंय! सिद्धेश्वर रात्री साडेदहाच्या पुढं सोलापूर सोडते, ३:५० ला ती पुण्याच्या आसपास कुठंतरी असते, म्हणजे मी बर्थवर गाढ झोपलेली आणि माझी सीट रिकामी दोहाला निघालेली.

मी एका टॉवेलच्या एक्स्पोर्ट ऑफिसात काम करते. फ्रँकफर्टला दर जानेवारीत हाइमटेक्स्टिल नावाचं कापडाचं मोठं एक्झिबिशन भरतं, सोलापूरचे टॉवेलवाले तिथे नेहमी जातात, २०२५ ला ऐनवेळी बाकीच्यांचं रद्द झालं आणि मला एकटीला पाठवलं. परदेश पहिल्यांदा, विमान तिसऱ्यांदा, त्यातली दोन पुणे-दिल्ली. घरातून निघून फ्रँकफर्टला उतरेपर्यंत ३५ तास झाले आणि त्यातले हवेत फक्त १० होते, बाकीचे २५ रेल्वे, रांगा आणि खुर्च्या. इंटरनेटवरच्या टिप्स सगळ्या त्या १० तासांच्या, आणि लिहिणारे बहुतेक विमानतळापासून तासाभरावर राहणारे. आपण काउंटरला पोचतो तेव्हाच निम्मे थकलेले असतो आणि थकलेल्या डोक्याने घेतलेला निर्णय नेमका चुकतो, म्हणून जे जे ठरवता येईल ते घरी, जेवून-खाऊन बसल्यावर ठरवून कागदावर लिहून टाकायचं. खाली सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

आधी तारीख, मग गाडी

गल्फमार्गे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर उडतात. तारीख १२ ची असली तरी तुम्ही विमानतळावर ११ च्या रात्री असायला पाहिजे, म्हणून सोलापूर ११ च्या सकाळीच सोडायचं. कॅलेंडरवर विमानाच्या तारखेला नाही, आदल्या दिवसाला गोल करा, घरच्यांनाही तीच तारीख सांगा.

मी वंदे भारतने गेले. सकाळी ६:०५ ला सुटते, दुपारी साडेबाराच्या सुमारास सीएसएमटी. सोलापुरातून गुरुवारी नसते हे लक्षात ठेवा, आणि तिकीट काढताना टाईमटेबल परत एकदा बघा, रेल्वेचं काय सांगता येत नाही. विमान संध्याकाळचं किंवा रात्री दहा-अकराचं असेल तर आदल्या रात्रीची सिद्धेश्वर बरी. एकच नियम पाळा, वेळेत पोचवणारी जी शेवटची गाडी असेल ती सोडून तिच्या आधीची पकडायची. पावसाळ्यात तर नक्कीच, घाटात दरड आली की गाडी कुठं उभी राहील सांगता येत नाही.

होटगी रोडच्या विमानतळावरून आता मुंबईला छोटं विमान आहे (त्याच्यासाठी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, त्यावर गावात अजून भांडणं होतात, तो विषय इथं नको). हौस म्हणून छान आहे, पण ते तिकीट वेगळं, डोमेस्टिकला सामान साधारण १५ किलोच, आणि ते लेट झालं तर पुढचं इंटरनॅशनल विमान तुमच्यासाठी थांबत नाही. दुसरं म्हणजे हैदराबाद. मुंबई रस्त्याने ४०० किलोमीटर, हैदराबाद ३०० च्या आसपास, आणि शमशाबादचं विमानतळ गावाबाहेर असल्याने शहराच्या ट्रॅफिकमध्ये फार शिरावं लागत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या निम्म्या तेलुगू घरांचे पाहुणे तिकडेच आहेत, रात्रीच्या मुक्कामाचाही प्रश्न मिटतो. तिकीट शोधताना दोन्ही शहरं टाकून बघा, आपण उगीच मुंबईच धरून बसतो.

तिकीट

दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर पाहिजेत. सगळ्यात महत्त्वाचं हेच, बाकी काही विसरलात तरी चालेल. एका पीएनआरवर असलं की पहिलं विमान लेट झालं आणि पुढचं चुकलं तर पुढच्या सीटची सोय करणं एअरलाइनचं काम, बॅगही परस्पर शेवटच्या गावाला जाते. दोन वेगळी तिकिटं जोडून पाच-सात हजार वाचतात खरे, पण मग मध्ये बॅग घ्या, परत चेक-इन करा, त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो, आणि चुकलं तर दुसरं तिकीट आपल्या खिशातून. एकटं असताना हा उद्योग करू नका.

मधला थांबा तीन-चार तासांचा घ्या. दीड तासाचा बघून बरं वाटतं पण पहिल्यांदा जाणाऱ्याला मोठ्या विमानतळावर सिक्युरिटी परत करून गेट शोधण्यात तासभर सहज जातो. थांबा कुठल्या देशात आहे तेही बघा. दोहा-दुबईला विमानतळाच्या आतच राहून विमान बदलायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो.

तिकिटासोबत निवडायचा जेवणाचा कोड हा सापळा आहे. शाकाहारी असाल तर 'एशियन व्हेजिटेरियन', म्हणजे एव्हीएमएल निवडा. यादीत 'हिंदू मील' पण दिसतं, नाव बघून आपण टिक करतो, आणि ते साधारण नॉनव्हेज असतं, फक्त बीफ नसतं. माझ्या आत्याने काशीला जाऊन आल्यासारख्या श्रद्धेने हिंदू मील निवडलं होतं आणि डबा उघडल्यावर कोंबडी. कोड किमान २४ तास आधी टाकावा लागतो, विमानात बसल्यावर काही होत नाही.

सीट पॅसेजच्या बाजूची घ्या. खिडकीतून ढग दहा मिनिटं बघतो आपण, आणि बाथरूमला जाताना दोन झोपलेल्या अनोळखी माणसांना उठवायला लाज वाटते म्हणून पाणीच पीत नाही, मग पाय सुजतात.

कागदांची फाईल

मोबाईलमध्ये सगळं आहे हे वाक्य मोबाईल चालू आहे तोपर्यंत खरं. प्लास्टिकची एक साधी फाईल घ्या आणि ज्या क्रमाने कागद लागतात त्या क्रमाने लावा: तिकीट, पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसाची झेरॉक्स, इन्व्हिटेशन लेटर, हॉटेल बुकिंग, इन्शुरन्स, परतीचं तिकीट. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचं कव्हर असलेला इन्शुरन्स लागतो, त्याची प्रिंट आणि इमर्जन्सी नंबर वर. पासपोर्टची मुदत परतल्यावर किमान तीन महिने हा शेंगेनचा नियम, बरेच देश सहा महिने मागतात, तेव्हा सहाच धरून चाला. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणे आहे का हे बुकिंगच्या दिवशीच बघा, लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनी तर दोनदा बघा.

पैशाचं थोडक्यात. परकीय नोटा एका ट्रिपला ३,००० डॉलर इतक्याच नेता येतात, बाकी कार्डवर, पण नोटा तेवढ्या लागतच नाहीत, मी २०० युरो नेले त्यातले ९० परत आणले. एक फॉरेक्स कार्ड, एक साधं क्रेडिट कार्ड, दोन्ही वेगवेगळ्या जागी. तिकडं मशीनने विचारलं रुपयात पैसे घेऊ की युरोत, तर युरो दाबा, रुपये दाबले की रेट त्यांच्या मनाचा. आणि निघायच्या आदल्या दिवशी सिमवर इंटरनॅशनल रोमिंग चालू करून ठेवा, डेटा नाही घेतला तरी चालेल पण बँकेचा ओटीपी यायला पाहिजे.

बॅग, आणि आईशी वाटाघाटी

माझी लिमिट २३ किलोची एक बॅग. आईने पहिल्या फेरीत भरलेली बॅग ३१ किलो भरली, त्यात दोन सोलापुरी चादरी, कारण "तिथं थंडी असते ना गं". हॉटेलात पांघरूण देतात हे तिला पटलं नाही, शेवटी एका चादरीवर तोड झाली. (ती चादर दोहाच्या खुर्चीत कामाला आली, आईला सांगितलेलं नाही.) कुठल्याही एका बॅगेत ३२ किलोच्या वर भरायचंच नाही, जास्तीचे पैसे देऊनसुद्धा घेत नाहीत. घरचा वजनकाटा बॅग हातात घेऊन वापरा आणि दोन किलो कमीच भरा.

आता खाण्याचं. ही यादी मी खूप शोधून केली म्हणून जरा निगुतीने सांगते.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी खुशाल न्या, दोन्ही कोरडं, टिकतं, तुटलं तरी खाता येतं. फक्त चटणी मोठ्या बॅगेत टाका, तिखट-मसाला केबिन बॅगेत सिक्युरिटीवाले अडवतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र कुठल्याच बॅगेत नकोत, त्यात तेल इतकं असतं की ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून विमानात धोकादायक सामानात धरतात. मुंबईला बॅग स्कॅन करताना हेच सापडतं आणि मग तुम्हाला बोलावून बॅग उघडायला लावतात.

युरोपात दुधाचं आणि मांसाचं काहीही बाहेरून नेता येत नाही. म्हणजे पेढे नाहीत, खवा नाही, साजूक तूप नाही, चक्का तर नाहीच. ताजी फळं-पालाही सर्टिफिकेटशिवाय चालत नाही, केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन ही पाचच फळं सोडून, तेव्हा आपलं डाळिंब जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं असलं तरी ते घरीच राहू द्या, आणि कढीपत्त्याची जुडीसुद्धा.

दुबई-अबुधाबीमार्गे जाणार असाल तर खसखस बॅगेत चुकूनही नको, तिथे ती ड्रगमध्ये धरतात. मी दोहामार्गे होते, पण मावशीच्या अनारशांवर पांढरीशुभ्र खसखस बघून रिस्कच घेतली नाही, डबा ऑफिसात वाटला. औषधांचंही तसंच, कोडीन-ट्रामाडॉल असल्या गोळ्या गल्फमध्ये अडचणीत आणतात, बाकीच्याही मूळ स्ट्रिपमध्ये आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ठेवा.

पॉवरबँक फक्त केबिन बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही. १०० वॅट-अवरपर्यंत न विचारता चालते, आपली २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते. बऱ्याच एअरलाइन्स आता ती विमानात वापरू देत नाहीत म्हणून फोन गेटवरच फुल करून घ्या. केबिन बॅगेत एक जोडी कपडे, टूथब्रश, चार्जर, औषधं, सगळे कागद आणि जाड जॅकेट. जॅकेट मोठ्या बॅगेत घातलं आणि बॅग आली नाही तर जानेवारीत तुम्ही फ्रँकफर्टला टीशर्टवर.

मुंबईतला अर्धा दिवस

दादरला उतरायची घाई करू नका. गाडी तिथं जेमतेम थांबते, एकटीने दोन बॅगा उतरवताना मागून लोक ढकलतात. शेवटचं स्टेशन सीएसएमटी, निवांत उतरा. आता तिथूनच भुयारी ॲक्वा लाईन मेट्रो थेट विमानतळाच्या टी-टू टर्मिनलला जाते, ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण चालू झाली, पाऊण तास ते एक तास धरा. माझ्या वेळी ती इथपर्यंत नव्हती, टॅक्सीत दीड तास आणि घाम. फक्त मेट्रो रात्रभर नसते, उशिरा जाणार असाल तर टॅक्सीच.

मधला वेळ कुठंतरी आडवं पडून काढा. मी डोंबिवलीला मावशीकडे गेले, आंघोळ केली, चार तास झोपले, त्या चार तासांवर पुढचं सगळं निभावलं. नातेवाईक नसतील तर विमानतळाजवळ काही तासांसाठी रूम घ्या, तो खर्च उधळपट्टी नाही. आठ तास आधी विमानतळावर जाऊन उपयोग नसतो, बॅग घेणारं काउंटर साधारण तीन-चार तास आधीच उघडतं आणि तोपर्यंत ट्रॉली घेऊन बसायचं, एकटं असलं की बाथरूमला जायचीही पंचाईत.

घरून निघताना वेब चेक-इन केलेलं असलं तरी काउंटरला जावंच लागतं. तिथे बॅगेला जो पट्टा लावतात त्यावरचा तीन अक्षरी कोड स्वतः वाचा. फ्रँकफर्टचा एफआरए. मुंबईचा अजून बीओएमच आहे. पट्ट्यावर शेवटचं गाव असलं म्हणजे मध्ये बॅग उचलायची नाही. विचारून पण घ्या, "बॅग थेट फ्रँकफर्टला ना?" लाजायचं काय त्यात. पट्ट्याच्या पावतीचा आणि बॅगेचा फोटो काढा, काळ्या बॅगा सगळ्यांकडे असतात म्हणून मी हँडलला टॉवेलची भगवी किनार बांधली होती.

पुढं इमिग्रेशन. भारतीयांना जाताना फॉर्म भरावा लागत नाही, तो १ जुलै २०१७ पासून बंद आहे. चेहरा दाखवून आत सोडणारी डिजीयात्रा इथं चालत नाही, ती डोमेस्टिकलाच. का चाललात, किती दिवस, खर्च कोण करतंय एवढंच विचारतात, एका वाक्यात उत्तर द्या आणि गप्प बसा. मी घाबरून टॉवेलचा जीएसएम, म्हणजे कापडाचं वजनसुद्धा सांगून टाकलं, ऑफिसर हसला. आणि रांगेत कोणी म्हणालं, ताई ही एक पिशवी धरा, आमचं सामान जास्त झालंय, तर नाही म्हणायचं. म्हातारं माणूस असलं तरी नाहीच.

विमानात, आणि दोहाचा अलार्म

पहाटेच्या विमानात साडेचारला जेवण आणतात. ते खायचं की झोपायचं हे घरी ठरवा, मी ठरवलं नव्हतं, वासाने जागी झाले, खाल्लं आणि मग झोप गेली. दोहा पावणेचार तासांच्या आतच येतं, तेवढीच झोप मिळणार असते. बाटली रिकामी घेऊन चढा आणि आत भरून मागा. दुसरं विमान साडेसहा तासांचं, त्यात पहिले तीन तास झोपा आणि नंतर मुद्दाम जागे राहा, कारण उतराल तेव्हा तिथे भर दुपार असते.

आता अलार्म. दोहाला सिक्युरिटी परत झाली, तो मोठा पिवळा टेडी बघितला, स्क्रीनवर गेट बघून ठेवलं, बॅगेचा पट्टा पायात अडकवून चादर पांघरली आणि बोर्डिंग ७:१५ चं म्हणून ६:३० चा अलार्म लावला. फोन अजून एअरप्लेन मोडवर होता. म्हणजे घड्याळ भारताचं, आणि दोहा आपल्या अडीच तास मागं, दोहात सहा वाजलेत आणि फोन म्हणतोय साडेआठ. ६:३० केव्हाच होऊन गेले होते, माझा अलार्म दुसऱ्या दिवशी सकाळचा लागला होता! शेजारी मुलाला झोपवणाऱ्या केरळच्या बाईंनी, फ्रँकफर्ट का, म्हणून हलवलं म्हणून उठले. तेव्हा उतरल्या उतरल्या आधी विमानतळाचं वायफाय घ्या, भिंतीवरचं घड्याळ आणि फोन जुळतायत का बघा, मगच अलार्म. नाहीतर सरळ टायमर लावा, चाळीस मिनिटं म्हणजे चाळीस मिनिटं, त्याला देश नसतो.

उतरल्यावर

जर्मनी हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागं, उन्हाळ्यात साडेतीन. पासपोर्टच्या रांगेत जायच्या आधी बाथरूमला जाऊन या, रांग लांब असते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनमध्ये टप्प्याटप्प्याने नवी पद्धत आलीय, थोड्या दिवसांच्या व्हिसावर पहिल्यांदा येणाऱ्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो तिथेच घेतात, म्हणून वेळ जास्त धरा. तुमचं शेंगेनमधलं पहिलं विमानतळ जे असेल तिथेच हे होतं, शेवटचं गाव कुठलंही असो.

बॅग सरकत्या पट्ट्यावर आली नाही तर बाहेर पडायचं नाही. आमच्या ऑफिसातला एकजण एकदा तसाच हॉटेलवर गेला, उद्या फोन करू म्हणून, मग आठ दिवस निस्तरत बसला. त्याच हॉलमध्ये बॅगेज काउंटर असतं, तिथे पीआयआर नावाचा फॉर्म भरून नंबर घ्या. बॅग फुटली असेल तर तक्रार लेखी ७ दिवसांच्या आत, उशिरा आली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत.

फ्रँकफर्टला टर्मिनल १ च्या खालीच लोकल रेल्वेचं स्टेशन आहे, एस-८ आणि एस-९ गावात जातात. एक्झिबिशनच्या दिवसात गावात हॉटेलांचे भाव पेटलेले असतात म्हणून माझी रूम ऑफनबाखला होती, त्याच गाड्या पुढं तिथे जातात. हॉटेलचा पत्ता, कुठल्या स्टेशनला उतरायचं आणि तिथून कुठं वळायचं याचे स्क्रीनशॉट मी सोलापुरातच काढले होते, नेट लागेपर्यंत तेच वापरले.

आणि उतरण्याचा वार बघा. मी उतरले तो रविवार होता, जर्मनीत रविवारी दुकानं बंद. हॉटेलखालचं सुपरमार्केट बंद, बाजूची बेकरी बंद, बाहेर पाच वाजताच अंधारून आलेलं. मोठ्या बॅगेतून कडक भाकरी काढली, चटणीत बाथरूमच्या नळाचं पाणी कालवलं (तिथलं नळाचं पाणी पितात), आणि घरी व्हिडिओ कॉल लावला. तिकडं रात्रीचे दहा वाजले होते, सगळे सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्यात, आकाशपाळण्याच्या आवाजात आईला एकच ऐकू आलं की मी जेवतेय. नऊपर्यंत जागं राहायचं ठरवलं होतं, आठला झोपले.